'हूप ड्रीम्स' : स्वप्नांचा जमाखर्च

शाळेच्या क्रीडासंघावर अनुबोधपट काढायचा म्हटले की प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे मैदान, टाळ्यांचा कडकडाट आणि अखेरच्या क्षणी जिंकलेला सामना उभा राहतो. ज्याला तो काढायचा असतो त्याच्यापुढे मात्र प्रथम येतो कागदाचा एक ताव आणि त्यावर मांडायची आकडेमोड. चित्रणाचे दिवस किती, माणसे किती, संकलनाला महिने किती, संगीताच्या हक्काला किती, वकिलाला किती, विम्याला किती. कलाकृतीचे परीक्षण करताना हा कागद पाहण्याची रीत आपल्याकडे नाही. पैशाचा विषय काढणे समीक्षकाला थोडे हलकेपणाचे वाटते. परंतु काही कलाकृतींचे यश आणि त्यांचे वैगुण्य ही दोन्ही त्या कागदाच्या आधारावाचून नीटशी उमगतच नाहीत. १९९४ साली प्रदर्शित झालेला 'हूप ड्रीम्स' हा अमेरिकन अनुबोधपट अशांपैकी एक होय. स्टीव्ह जेम्स, फ्रेडरिक मार्क्स आणि पीटर गिल्बर्ट या तिघांनी तो शिकागो शहरात सिद्ध केला. पुढे २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी त्याची निवड झाली. आपल्या वाचकांना त्याविषयी विशेष कुतूहल वाटावे असे आणखी एक कारण आहे. त्यातील जवळजवळ निम्मे नाट्य एका कॅथलिक शाळेत घडते, आणि त्या नाट्याच्या मुळाशी थकलेल्या फीचा प्रश्न आहे.

कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. विल्यम गेट्स आणि आर्थर एजी ही शिकागोच्या गरीब वस्त्यांतील दोन कृष्णवर्णीय मुले. (त्याच नावाच्या संगणकसम्राटाशी यातील विल्यमचा काहीही संबंध नाही, हे सांगून ठेवलेले बरे.) दोघेही चौदा वर्षांचे, दोघांच्याही हातात बास्केटबॉलची उपजत जादू. विल्यम राहतो तो कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत. या नावातील कॅब्रिनी म्हणजे स्थलांतरितांची माऊली ठरलेल्या, १९१७ साली शिकागोतच देह ठेवलेल्या आणि १९४६ साली संतपदी आरूढ झालेल्या मदर फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी. संतांचे नाव मिरवणारी ही वसाहत पुढे दारिद्र्य, मादक पदार्थ आणि बंदुका यांसाठी कुप्रसिद्ध झाली. तिच्या उंच इमारती आता जमीनदोस्त झाल्या आहेत. या दोन्ही मुलांना वेस्टचेस्टर या उपनगरातील सेंट जोसेफ हायस्कूलमध्ये नववीत प्रवेश मिळतो. ख्रिश्चन ब्रदर्सनी चालवलेली ही मुलांची शाळा बास्केटबॉलसाठी नावाजलेली होती, आणि व्यावसायिक खेळातला विख्यात तारा आयझेया टॉमस तिचा माजी विद्यार्थी होता. घरापासून शाळेपर्यंत जायला-यायला मिळून दिवसाचे सुमारे तीन तास मोडत. वाचनाच्या बाबतीत दोन्ही मुले नववीत येतानाच काही इयत्ता मागे होती. शाळेने त्यांना घेतले ते त्यांच्या वाचनासाठी नव्हे.

येथून पुढे दोघांच्या वाटा फुटतात. विल्यम पहिल्याच वर्षी शाळेच्या मुख्य संघात चमकतो. त्याच्या फीचा जो भाग शिष्यवृत्तीत बसत नाही तो भरायला 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या तत्कालीन अध्यक्षा पॅट्रिशिया वियर पुढे येतात. आर्थरची वाढ सावकाश होते. प्रशिक्षक जीन पिंगाटोर यांना त्याच्यात जी उंची आणि जो आत्मविश्वास हवा असतो तो अद्याप दिसत नाही. त्यालाही अर्धीमुर्धी सवलत आहे, पण उरलेली रक्कम वडिलांची नोकरी गेल्यावर कुटुंबाला भरवत नाही, आणि त्याच्यासाठी कोणी वियरबाई पुढे येत नाहीत. दहावीच्या वर्षी शाळा ऐन सुरू असताना त्याला बाहेर पडावे लागते. तो घराजवळच्या मार्शल या सरकारी हायस्कूलमध्ये जातो. पुढे बारावीच्या सुमारास असे कळते की जुन्या शाळेतील थकबाकी चुकती झाल्याखेरीज तेथील गुणांच्या नोंदी मिळणार नाहीत, आणि त्या नोंदींवाचून तो शाळा उत्तीर्ण होऊ शकत नाही. आई-वडील त्या शाळेच्या कचेरीत बसून हप्ते बांधून घेतात, तो प्रसंग चित्रपटात आहे. कचेरीतला गृहस्थ असभ्य नाही. तो नियम समजावून सांगतो. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी कधी अशा टेबलासमोरच्या खुर्चीत बसून हप्त्यांची बोलणी केली असतील त्यांना त्या दृश्यात भाषांतराची गरज भासणार नाही.

आता तो कागद पाहू. या तिघांनी १९८६ च्या सुमारास जी कल्पना मनाशी धरली ती अर्ध्या तासाच्या एका छोट्या पटाची होती. गल्लीतल्या बास्केटबॉलचे जग दाखवावे आणि ते सार्वजनिक दूरचित्रवाणीवर यावे, एवढीच अपेक्षा. हाताशी होते इलिनॉय कला मंडळाचे अडीच हजार डॉलरचे अनुदान. मदतीला उभी राहिली ती कार्टेमक्विन फिल्म्स ही शिकागोतील ना-नफा संस्था. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा समाजाचे प्रश्न मांडणारे अनुबोधपट हा जुना ध्यास. पुढे मिनेसोटातील एका सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राने हातभार लावला आणि मॅकआर्थर प्रतिष्ठानाने अडीच लाख डॉलर दिले. अखेरीस एकूण खर्च सुमारे सात लाख डॉलरवर गेला. चित्रण झाले सुमारे अडीचशे तासांचे, आणि पडद्यावर आले एकशे एकाहत्तर मिनिटे.

या आकड्यांशी थोडे खेळून पाहावे. अडीचशे तास म्हणजे पंधरा हजार मिनिटे. म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटासाठी सुमारे अठ्ठ्याऐंशी मिनिटे टिपलेली होती, आणि त्यातील सत्त्याऐंशी बाजूला सारली गेली. सात लाखांना पडद्यावरील मिनिटांनी भागले तर दर मिनिटाला चार हजार डॉलरच्या आसपास खर्च येतो. कथाचित्रपटांच्या हिशेबात ही रक्कम क्षुल्लक होय. परंतु या भागाकारात एक मोठी रक्कम धरलेलीच नाही, आणि ती म्हणजे तीन प्रौढ माणसांची पाच-सहा वर्षे. ही माणसे मधल्या काळात पोटापाण्यासाठी दुसरी कामे करीत, आणि शिकागोत सामना असला की यंत्र खांद्यावर घेऊन जात. बाजारभावाने त्यांनी आपल्या दिवसांचे मोल लावले असते तर हा चित्रपट पहिल्या वर्षीच बंद पडला असता. फिल्मवर चित्रण करणे परवडणारे नव्हते म्हणून त्यांनी ते व्हिडिओवर केले, आणि चित्रपटगृहासाठी पुढे ते पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवून घेतले. त्यामुळे पडद्यावर एक प्रकारचा राखाडी भरडपणा आला आहे. काही समीक्षकांनी त्याला दोष मानले. मला तो तसा वाटत नाही. व्हिडिओची फीत स्वस्त असल्यामुळेच यंत्र चालू ठेवता आले. यंत्र चालू होते म्हणूनच, सामना संपून सर्व जण निघून गेल्यावर बाकावर एकटा बसलेला मुलगा टिपता आला. चकचकीत चित्रणाच्या मोबदल्यात त्यांनी वेळ विकत घेतला, आणि तो सौदा शहाणपणाचा ठरला.

कारण अशा चित्रपटाचा खरा कच्चा माल वेळ हाच असतो. सामने कोणीही टिपू शकतो. त्यांचे दिवस ठरलेले असतात. आर्थरला शाळेतून जावे लागणार, विल्यमचा गुडघा दुखावून त्याच्यावर शस्त्रक्रिया होणार, शाळकरी वयातच तो बाप होणार, आर्थरचे वडील घर सोडून जाणार आणि व्यसनातून सावरून पुन्हा परतणार, हे कोणत्याही अंदाजपत्रकात मांडता आले नसते. आणि सर्वांत न मांडता येणारी गोष्ट म्हणजे यश. ज्या आर्थरला शाळेने जाऊ दिले त्याचा मार्शलचा संघ १९९१ साली राज्य स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. ज्या विल्यमवर शाळेने आशा ठेवली होती त्याला त्या चार वर्षांत ते व्यासपीठ लाभले नाही. एकाच हंगामाचा चित्रपट असता तर तो विल्यमचा विजयपट ठरला असता आणि आर्थर त्यात तळटीप म्हणून उरला असता. पाच वर्षांनी ही उलथापालथ घडवली. कोणत्याही पटकथाकाराने अशी योजना केली असती तर ती आपणांस कृत्रिम वाटली असती.

या चित्रपटाचे खरे सामर्थ्य, माझ्या मते, मैदानाबाहेरच्या दृश्यांत आहे. आर्थरची आई शीला एजी ही या कथेची खरी नायिका होय. नोकरी गेलेली, सरकारी मदतीवर संसार चालवणारी, पतीकडून मार खाल्लेली ही बाई परिचारिकेच्या साहाय्यकाचा अभ्यासक्रम पूर्ण करते आणि वर्गात सर्वाधिक गुण मिळवते. रिकाम्याशा सभागृहात तिचे नाव पुकारले जाते तेव्हा ती रडते.  दुसरे दृश्य नायकीच्या शिबिराचे. बुटांच्या या कंपनीने देशभरातील निवडक शाळकरी खेळाडूंना प्रिन्स्टन येथे उन्हाळ्यात जमवलेले आहे आणि विद्यापीठांचे प्रशिक्षक भोवती बसून मुले न्याहाळीत आहेत. दिग्दर्शक स्पाइक ली तेथे येऊन मुलांना सरळ बजावतो की तुमच्याविषयी येथे कोणाला ममता नाही, तुमच्यामुळे शाळा जिंकते आणि पैसा येतो म्हणून तुम्ही येथे आहात. ज्याने बाजार मांडला त्याच्याच मंडपात हे बोलणे चालते. चित्रपट त्यावर टिप्पणी करीत नाही. तो बघ्यांच्या ओळीतील चेहऱ्यांवरून यंत्र फिरवतो आणि पुढे जातो.

येथपर्यंत मी चित्रपटाच्या बाजूने बोललो. आता त्यातील एक मोठी उणीव नोंदवणे भाग आहे. 'हूप ड्रीम्स' प्रत्येकाचा जमाखर्च उघडा करतो. शाळेचा, विद्यापीठांच्या हेरांचा, बुटांच्या कंपनीचा, घरातल्या चुलीचा. एक वही तेवढी तो मिटलेली ठेवतो, आणि ती त्याची स्वतःची. चित्रपटाच्या मध्यावर एजी कुटुंबाची वीज तोडली जाते. अंधारलेल्या घरात आई कंदिलाच्या उजेडात वावरते आणि या पैशांत कोणी कसे जगावे असा तिचा प्रश्न आपल्यापुढे येऊन उभा राहतो. पाहणाऱ्याच्या मनात लागलीच दुसरा प्रश्न येतो. हे टिपणारी माणसे तेथेच उभी होती ना? त्यांनी काय केले? चित्रपटात याचे उत्तर नाही. पुढील दृश्यांत घरात उजेड असतो, एवढेच. निर्मात्यांनीच नंतर मुलाखतींतून सांगितले की ती वीज पुन्हा जोडून घेण्यासाठी त्यांनी पैसे दिले होते. माणूस म्हणून त्यांनी योग्य तेच केले. अंधारात बसलेल्या कुटुंबाचे चित्रण करून घरी जाणारा माणूस कितीही मोठा कलावंत असो, त्याच्या हातचे पाणी पिऊ नये. परंतु ती मदत पडद्यावरून वगळण्यात अनुबोधपटाच्या सत्याला एक बारीक चीर गेली. आपण पाहत होतो ती गरिबी कोणाच्याही नजरेस न पडलेली गरिबी नव्हती. तिच्या दारात पाच वर्षे एक यंत्र उभे होते, आणि त्या यंत्रामागच्या माणसांशी कुटुंबाचे नाते जडले होते. ते नाते दाखवले असते तर चित्रपट दुबळा झाला नसता, उलट अधिक प्रामाणिक झाला असता.

पैसे उघडपणे का देता येत नव्हते याचेही एक कारण होते, आणि ते समजून घेतल्याशिवाय निवाडा करणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या त्या काळच्या नियमांनुसार हौशी खेळाडूने आपल्या खेळाच्या कीर्तीवर एक पैसाही घेतला तर त्याची खेळण्याची पात्रता धोक्यात येई. विद्यापीठाने त्याच्या खेळावर तिकिटे विकावीत, दूरचित्रवाणीने जाहिराती घ्याव्यात, बूटवाल्याने शिबिरे भरवावीत, आणि ज्याच्या घामावर हे सारे चाले त्याने मात्र निर्लेप राहावे, असा हा न्याय होता. विल्यम पुढे मिलवॉकी येथील मार्क्वेट या येशूसंघीयांच्या विद्यापीठात गेला आणि आर्थर आधी मिसूरीतील एका छोट्या महाविद्यालयात व नंतर आर्कान्सा राज्य विद्यापीठात. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्यांचे शिक्षण अजून चालूच होते. विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर मोबदला घेण्याची मुभा त्या संघटनेने दिली ती जुलै २०२१ मध्ये.

हिशेबाच्या कागदावरील एक बाब येथे सांगितलीच पाहिजे. आर्थरचा अठरावा वाढदिवस चित्रपटात आहे. आई केक करते, घरातली माणसे जमतात आणि वाढदिवसाचे ते सर्वपरिचित इंग्रजी गाणे म्हणतात. आपला मुलगा अठरा वर्षांचा होईतो जिवंत राहिला, याचाच आनंद ती बोलून दाखवते, आणि त्या वस्तीत ही साधी गोष्ट नव्हती. हे गाणे त्या काळी एका मोठ्या संगीत कंपनीच्या मालकीचे मानले जाई. तेव्हा घरच्या स्वयंपाकघरात घरच्या माणसांनी बेसूर म्हटलेल्या त्या चार ओळींसाठी निर्मात्यांना हक्काचे शुल्क मोजावे लागले. ज्या घराचे विजेचे बिल थकले होते त्या घरातल्या गाण्याचे बिल मात्र चुकते झाले! २०१५ साली अमेरिकेतील एका संघीय न्यायालयाने त्या कंपनीचा या गाण्यावरील दावा फेटाळला आणि पुढच्या वर्षी गाणे सर्वांसाठी मोकळे झाले. आधी भरलेली रक्कम ही त्या चित्रपटाच्या खर्चाच्या रकान्यात कायमची राहिली.

शाळेची बाजूही ऐकली पाहिजे. चित्रपट चित्रपटगृहांत लागला, अमेरिकेतच त्याने सुमारे अठ्ठ्याहत्तर लाख डॉलरचा धंदा केला, तेव्हा सेंट जोसेफ शाळा आणि प्रशिक्षक पिंगाटोर यांनी निर्मात्यांवर दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी, नफ्याचा हेतू नसलेले काम म्हणून आम्ही दरवाजे उघडले होते, आणि येथे तर धंदेवाईक चित्रपट झाला, शिवाय त्यात आमचे चित्र विपर्यस्त रंगवले गेले. यातील पहिला आक्षेप अगदीच पोकळ नाही. अर्ध्या तासाच्या पटाला दिलेली संमती तीन तासांच्या चित्रपटाला पुरते काय? पाहुणा चहाला आला आणि सहा वर्षे राहिला, तर यजमानाने केव्हातरी विचारायला हरकत नसावी. उलट निर्मात्यांच्या बाजूने असे म्हणता येईल की काम वाढत गेले ते सर्वांच्या डोळ्यांदेखत. दुसरा आक्षेप मला पटत नाही. पिंगाटोर चित्रपटात खलनायक दिसत नाहीत. ते कडक, कष्टाळू, संघाच्या यशाने झपाटलेले गृहस्थ दिसतात, आणि तसे ते असावेत. १९६९ पासून २०१९ साली निधन होईपर्यंत ते एकाच शाळेचे मुख्य प्रशिक्षक राहिले आणि त्यांच्या नावावर हजाराहून अधिक विजय नोंदले गेले. शाळेच्या पदरी खलत्व येते ते कोणा एका माणसामुळे नव्हे. सवलत किती मुलांना आणि किती काळ परवडते याचा हिशेब शाळेलाही करावाच लागतो. आक्षेप हिशेबाला नाही. चांगला खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो हिशेब लवचिक होतो आणि सावकाश वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो अचानक ताठर होतो, हे यंत्राने टिपले, आणि तेच शाळेला झोंबले असावे. ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या संस्थेकडून पालकाची अपेक्षा थोडी निराळी असते, आणि शीला एजी यांच्या चेहऱ्यावर ती अपेक्षा दिसते. विद्यार्थी घटत गेल्यामुळे ती शाळाच २०२१ साली बंद झाली.

ऑस्करच्या प्रकरणाचा उल्लेख केवळ नोंदीपुरता. वर्षातील उत्तम चित्रपटांत अनेक मान्यवर समीक्षकांनी गणलेला हा पट अनुबोधपटांच्या गटात नामांकनालाही पात्र ठरला नाही. त्याला नामांकन मिळाले ते संकलनाचे. निवड समितीतील मंडळींनी तो थोड्याच वेळात बंद करवला, असे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी पुढे लिहिले. त्या गदारोळातून निवडीचे नियम बदलले. अडीचशे तास पाहून त्यातून तीन तास काढणाऱ्यांच्या वाट्याला तीन तास न पाहणारे परीक्षक आले. यापलीकडे त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही.

चित्रपटाला नफा झाल्यावर काय झाले, हे मात्र महत्त्वाचे. निर्मात्यांनी दोन्ही कुटुंबांना आपल्या कमाईत वाटेकरी करून घेतले, आणि चित्रपटात ज्यांच्या तोंडी बोलणे आहे अशा इतरांनाही हिस्सा दिला. अनुबोधपटांच्या व्यवहारात हे विरळा होते. त्या जगात असा संकेत आहे की ज्याचे चित्रण करायचे त्याला मोबदला देऊ नये, दिल्यास तो पैशासाठी नाटक करील. संकेतामागचे भय खरे आहे, पण त्याचा लाभ नेहमी यंत्रवाल्याला होतो. आधी भाव न ठरवता, काम संपल्यावर मिळकत वाटून घेणे हा जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला मार्ग मला दोन्हींहून बरा वाटतो. तो त्यांना काढता आला याचे कारण साधे आहे. चित्रपट त्यांच्या मालकीचा होता. ज्याची मालकी तोच वाटणी करू शकतो. वाटणीने सारे सुटले असे मात्र नव्हे. विल्यमचा भाऊ कर्टिस, ज्याचे अपुरे राहिलेले क्रीडास्वप्न चित्रपटात पुनःपुन्हा डोकावते, २००१ साली मारला गेला, आणि आर्थरच्या वडिलांची २००४ साली हत्या झाली. विल्यम काही काळ त्याच कॅब्रिनी-ग्रीन परिसरात पाळक म्हणून काम करीत होता.

या चित्रपटानंतर शालेय संघांवरील अनुबोधमालिकांचे पेवच फुटले. एमटीव्हीने २००६ साली अलाबामातील हूव्हर हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघावर 'टू-अ-डेज' काढली. २०१७ पासून 'क्यूबी वन' आली. २०२१ साली नेटफ्लिक्सवर जॉर्जियातील व्हाल्डोस्टा हायस्कूलवर 'टायटलटाउन हाय' आली. पहिल्या आणि शेवटच्या मालिकेतील मुख्य प्रशिक्षक एकच गृहस्थ, रश प्रॉप्स्ट, हा योगायोग नसावा. ज्याचा आवाज मोठा आणि ज्याच्याभोवती वाद सतत घोंगावतो असा माणूस मालिकेला फार सोयीचा असतो. 'टायटलटाउन हाय' लोकांनी पाहिली तेव्हा तो त्या शाळेत राहिलेलाही नव्हता. या मालिकांत चित्रण उंची आहे, ध्वनी स्वच्छ आहे, आकाशातून मैदान दिसते. मुलांच्या प्रेमप्रकरणांना त्यांत जेवढा अवकाश मिळतो तेवढा त्यांच्या घरातील स्वयंपाकाला मिळत नाही, हे ओघाने आलेच.

अशा मालिकेची किंमत आज कशी ठरते ते पाहिले म्हणजे हा फरक कळतो. मोठ्या प्रसारण कंपनीचा सामान्य करार असा असतो की निर्मात्याने खर्चाचा अंदाज द्यावा, कंपनीने तो खर्च आणि त्यावर ठरावीक टक्के मेहनताना द्यावा, आणि सर्व हक्क कायमचे आपल्याकडे घ्यावेत. निर्मात्याला कर्ज काढावे लागत नाही, घरभाडे वेळेवर भरता येते, आणि हे काही थोडे नव्हे. परंतु हंगाम सुरू होण्यापूर्वीच हंगामाचा भाव ठरलेला असतो. भाग किती आणि केव्हा द्यायचे हेही ठरलेले असते. तेव्हा ऑगस्टमध्ये ज्या मुलाची निवड झाली तो नोव्हेंबरपर्यंत काहीतरी घडवून दाखवील, अशी निर्मात्याला आशा करावी लागते, आणि आशा करणारा माणूस हळूहळू घडवायला लागतो. नंतर मालिका जगभर गाजली तरी निर्मात्याच्या हाती वाटायला काही उरत नाही. मुलाच्या आईने सही केलेला संमतीचा कागद तेवढा कंपनीच्या कपाटात असतो.

स्टीव्ह जेम्स यांनी स्वतः २०१८ साली 'अमेरिका टू मी' ही दहा भागांची मालिका केली, म्हणून तिची तुलना अधिक न्याय्य ठरेल. शिकागोच्या कुशीतील ओक पार्क अँड रिव्हर फॉरेस्ट हायस्कूलमधील बारा विद्यार्थी, आणि २०१५-१६ हे एक शैक्षणिक वर्ष. तिचा विषय केवळ खेळ नाही. वंशभेदाचा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आहे, पण कुस्तीचा आखाडा आणि संघाला जल्लोषाने चेतवणाऱ्या मुलींचा ताफा त्यात आहेच. येथे जेम्स एकटे नव्हते. त्यांच्या हाताखाली तरुण दिग्दर्शकांच्या तुकड्या एकाच वेळी निरनिराळ्या घरांत चित्रण करीत होत्या. मालिका उत्तम आहे, यात वाद नाही. शाळेच्या प्राचार्यांनी आणि अधीक्षकांनी मुलाखतीस नकार दिला. तो नकारही तिने पडद्यावर मांडला, आणि 'हूप ड्रीम्स'च्या वेळी मिटून ठेवलेली स्वतःची वही या खेपेस थोडी उघडी केली. तरीही जो पाहील त्याला जाणवेल की पूर्वी जी लांबी होती तिच्या जागी आता रुंदी आली आहे. पैशाने बारा घरांत एकाच वेळी शिरता आले, पण एकाही घरात पाच वर्षे थांबता आले नाही. मालिकेतील मुले ऑगस्टपासून पुढल्या उन्हाळ्यापर्यंत थोडी उंच होतात, एवढेच. नववीतल्या आर्थरच्या ओठांवर लव फुटण्यापूर्वीचा चेहरा आणि महाविद्यालयाला निघालेला त्याचा चेहरा हे दोन्ही एकाच बैठकीत पाहण्याचा अनुभव तिच्यात नाही.